कंपनीचा वास

आमच्या पालघरच्या वाचनालयाने यंदा परिसंवाद ठेवला होता. विषय, गांजा कायदेशीर करावा का. मला बोलावणं आलं ते विरोधी बाजूने बोलायचं. कार्यवाह घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात तर वजन पडेल. तुमच्या घरातच..." पुढचं वाक्य त्यांनी बिस्किटाबरोबर गिळलं. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. माझ्या भावाचं डोकं फिरलं ते काय यांच्या कार्यक्रमाला वजन पडावं म्हणून? तरी मी हो म्हटलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला कोणी बोल म्हटलं की गप्प बसवत नाही.

भाऊ माझ्याहून बराच लहान. वडील इथल्या वीज केंद्रात लागले म्हणून आम्ही सांगलीकडून आलो आणि इथलेच झालो. भाऊ तारापूरच्या एका रसायनांच्या कंपनीत ठेकेदाराकडून ऑपरेटर होता. बोईसरला चाळीत दोन खोल्या, बायको आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. शिफ्ट कुठलीही असो, तिची वेणी तोच घालायचा, आणि वाईट घालायचा.

तो दारू प्यायचा. चाळीतले बरेच जण प्यायचे. म्हणून तिथल्या बायकांनी एक रीतच पाडली होती. नवरा कामावरून आला की उंबऱ्याबाहेर उभं करायचं आणि म्हणायचं, "हा करा." त्याने तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला तर भांडी आदळायची, नाही आला तर चहा मिळायचा. पुरुषांनीही ते हसण्यावारी नेलं होतं. काही तर जिन्यावरूनच "हा" करत यायचे. माझी भावजय मात्र अगदी नाकाबंदीवरच्या हवालदारासारखी तपासणी करायची.

मग भावाची दारू सुटली. एकाएकी, कोणाला न सांगता. घरी येऊन शांत बसू लागला, दोन पोळ्या जास्त खाऊ लागला, मुलीला मांडीवर घेऊन उगाचच हसू लागला. भावजय हरखून गेली. डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलली होती, तो चैत्रातल्या जत्रेला जाऊन फेडून आली. मीही बरोबर होते. येताना गाडीत ती मला म्हणाली, "ताई, आता माझं काही मागणं नाही."

कपड्यांना वास यायचा. जळका, ओलसर, गवत पेटवल्यासारखा. पण बोईसरमध्ये कपड्याला कशाचा वास येतोय हे कोण विचारतं? रोज एक नवा वास घरात येतो. कधी कुजलेल्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, कधी कसला ते कळतही नाही. तिने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "कंपनीचा आहे. नवीन माल चढवलाय." तिला पटलं. मलाही पटलं असतं. दारूचा वास नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. पुढे कळलं, बरोबरच्या एकाने त्याला सांगितलं होतं की याने तोंड पकडलं जात नाही आणि रसायनाने डोकं दुखतं तेही थांबतं.

पावसाळा संपत आला तेव्हा तो एका दुपारी ओरडत खोलीबाहेर आला. "गॅस सुटलाय, पळा." सगळी चाळ ओली फडकी नाकाला लावून रस्त्यावर आली. यात कोणाचं काय चुकलं? तिथे गॅस खरंच सुटतो, लोक खरंच पळालेले आहेत. शिवाय सांगणारा ऑपरेटर, त्याला नाही कळणार तर कोणाला? थोड्या वेळाने सगळे परत गेले. काहींनी तर त्याचे आभार मानले. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा पळापळ. मग तो मोरीच्या जाळीत चिंध्या कोंबू लागला. म्हणू लागला, कंपनीवाले पाइपातून फक्त आपल्याच घरात सोडतात, पोरीला मारायला.

दुसरीकडे कुठे असता तर पहिल्याच दिवशी आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. इथे आधी सगळ्यांनी हवेकडे पाहिलं. शेजारच्या खोलीतली मावशी, मूळची किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, बाजारात मासळी विकते. तिने एकदा मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाय, तुजा भाव खोटा नाय बोलत. त्याला वास येते. पन आमाला कोनालाच येत नाय."

त्याच आठवड्यात भावजयीला त्याच्या सेफ्टी बुटात पुडी सापडली. मी म्हटलं, उद्याच डॉक्टर. ती हात जोडून म्हणाली, "ताई, कुठल्याही कागदावर गांजा आला की पोलीस आले, आणि कंपनीचं गेट बंद झालं. मग आम्ही खायचं काय?" मी तिला समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती हलली नाही. घरातल्या घरात लपवायचं आणि आपोआप जाईल म्हणून वाट बघायची, असं ठरलं. ते ठरवणाऱ्या घरात मुलगीही होती.

एका सकाळी तिची शाळेची तयारी चालली असताना त्याला वास आला. त्याने कंपनीत शिकवलं होतं तेच तंतोतंत केलं. टॉवेल भिजवला, मुलीच्या नाकातोंडाला बांधला, तिला खांद्यावर टाकलं आणि वाऱ्याला आडवा पळत सुटला. घाबरून गाठ मात्र फार घट्ट मारली. मावशी टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. तिला मुलीचे पाय लुळे पडलेले दिसले. तिने टोपली टाकली, त्याला आडवी झाली आणि टॉवेल ओढून काढला. मुलगी काळीनिळी पडली होती.

ती वाचली. तिला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी बापाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हा काही ओढतो का?" भावजयीने होकारार्थी मान हलवली. त्यांनी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. पोलीस आले नाहीत. बातमी ठेकेदारापर्यंत पोचली आणि गेट मात्र तिने म्हटलं होतं तसं बंद झालं. मुलीला तिने आईकडे सांगलीला पाठवलं. भाऊ बरा झाला तर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत तिला परत आणायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

परिसंवादात माझ्या समोरच्या बाजूला एक तरुण वकील होते. छान बोलले. भांग चालते, दारूवर सरकार कर घेतं, मग हेच का वाईट? बंदीमुळे लोक लपवतात आणि लपवल्यामुळे मरतात, असं ते म्हणाले. मला ते पटत होतं आणि म्हणूनच नाकाला मिरच्या झोंबत होत्या. मी उठले. म्हटलं, बंदी होती म्हणून आम्ही त्याला लपवलं, हे खरं. पण बंदी असूनही ते त्याच्या बुटापर्यंत आलं. उद्या टपरीवर मिळू लागलं तर लपवावं लागणार नाही, फक्त ओढावं लागेल. डॉक्टर म्हणतात, ओढणाऱ्या सगळ्यांना असं होत नाही. कोणाला होणार, ते आधी कळत नाही. मग ज्याला झालं त्याच्या घराने कोणत्या बाजूने बोलायचं? एवढं बोलून मी खाली बसले. कार्यवाहांचा चेहरा पडला. त्यांना विरोध हवा होता.

तिथून मी थेट बोईसरला गेले. भावजयीने बॅग भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती मुलीला आणायला निघणार होती. भाऊ गोळ्या नियमित घेत होता, पुडीला हात लावत नव्हता, आणि वास पूर्ण गेलाय असं डॉक्टरांना प्रत्येक खेपेला सांगत होता. ती आनंदात मला मुलीचा नवा गणवेश दाखवत होती. तो खिडकीशी बसला होता, चेहरा गोळ्यांनी सुस्तावलेला.

तो मान न वळवता म्हणाला, "नको आणूस तिला."

भावजय म्हणाली, "अहो, असं काय? तुम्ही बरे झालात ना?"

"मी डॉक्टरांना खोटं सांगतो," तो म्हणाला. "मला अजून वास येतो."