त्याला जुना वाद म्हणू नका

माझ्या सासूला मरताना चर्चनं प्रभुभोजन दिलं नाही.

आज त्यांचा स्मृतिदिन. आणि याच आठवड्यात त्याच चर्चनं त्यांचं नाव मोठ्या पोस्टरवर छापलंय. 'आमच्या मंडळीच्या आत्मिक जागृतीची आई.'

दोन तरुण घरी आले होते. पोरं चांगली आहेत. चहा घेतला, पाया पडले.
"आजी, रिव्हायव्हलबद्दल दोन मिनिटं बोला, व्हिडिओ करू. फक्त तो जुना वाद प्लीज नको."

मी म्हटलं, "बापू, थो वाद काढला त मंग राह्यते काय?"

दोघंही मोबाइलकडे बघायला लागले.
म्हणून इथं लिहिते. टाइप पणतीनं केलंय, वाचून दुरुस्त मी केलंय. नव्या करारावर बोट फिरवत स्वतःच वाचायला शिकलेली बाई आहे मी. चूक दिसली तर माझीच समजा.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी लग्न होऊन अनसिंगजवळच्या आमच्या खेड्यात आले, तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हते.
आमचं घर माळ्यांचं. सासरे हयात असतानाच घर ख्रिस्ती झालेलं, पण मळा तोच, वांगी-मेथी तीच.

चर्चमध्ये पुढं बाकं होती. तिथं आम्ही बसायचो.
मागं चटया होत्या. तिथं मांगवाड्यातून आलेले ख्रिस्ती बसायचे.
प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून खायची आणि त्याचं रक्त मानून पेल्यातलं प्यायचं. पेला एकच. त्यात मनुकांचा रस. पेला आधी बाकांवर फिरायचा, मग चटयांवर जायचा. कधी उलटा फिरला नाही.

कुणी हुकूम काढला नव्हता. पण सगळ्यांना ठाऊक होतं. माळ्याच्या तोंडचं मांगाला चालतं, मांगाच्या तोंडचं माळ्याला चालत नाही.
आणि वर म्हणायचं, आपण सगळे एका शरीराचे अवयव!

दर गुरुवारी मळ्यात बाया मेथीच्या जुड्या बांधायला जमायच्या. बांधता बांधता गाणी, मग प्रार्थना. पुढच्या बाया, मागच्या बाया, सगळ्या मिळून. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनीच ते सुरू केलं होतं.

एका गुरुवारी सोनाबाईनं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं,
"देवा, तुह्या रक्ताचा पेला आमच्या तोंडानं बाटते का रे?"
सोनाबाई मागच्या चटईवरची. आत्याबाईंच्याच वयाची.

कुणी आमेन म्हणेना.
आत्याबाईंच्या हातातली जुडी सुटली. मग त्या रडायला लागल्या. मग सगळ्याच. तिथंच चिखलात आत्याबाईंनी सोनाबाईचे पाय धरले.
"सोने, मले माफ कर वं."
"उठा बाई, लुगडं भरलं तुमचं."

जागृती म्हणतात ती एवढीच. ना माइक, ना ढोल, ना बाहेरून आलेला वक्ता.

पुढच्या प्रभुभोजनाला आत्याबाई बाकावर बसल्याच नाहीत. मागं जाऊन सोनाबाईच्या पलीकडं चटईवर बसल्या. म्हणजे पेला सोनाबाईनंतर त्यांच्याकडं येईल.

पाळकसाहेब पेला घेऊन पुढच्या बाकाशीच थांबले.
"बाई, पुढं या."
"पेल्याले पाय नाहीत साहेब, तुमाले हायेत. तुमीच या इकडं."
बाकांवरची माणसं हसली. पाळक हसले नाहीत. बाकांना पेला दिला, पांढऱ्या कापडानं झाकला आणि उपासना संपवली.

चटईवरच्या कुणालाच काही मिळालं नाही.

येताना आत्याबाई म्हणाल्या, "माह्यापायी तुले भेटलं नाही वं."
सोनाबाई म्हणाली, "भेटे तवा तरी काय, उष्टंच भेटे."

चर्चच्या पंचांनी ठरवलं, आत्याबाईंनी मंडळीसमोर माफी मागावी, पुढं बसावं. तोवर त्यांना प्रभुभोजन बंद.
पाळक घरी येऊन गोड बोलले, "हळूहळू बदलेल सगळं. लोकांना दुखवून कसं चालेल?"
चटईवरच्यांना ते 'लोकां'त धरतच नव्हते!

आत्याबाईंनी चर्च सोडलं नाही. दर रविवारी चटईवर.
पेला आला की पाळक त्यांना वगळून पुढं सरकायचे. पहिल्याच वेळी सोनाबाईनं हात जोडले, "आमाले बी नको." मग शेजारचीनं. मग तिच्या नवऱ्यानं.
चटयांवरून पेला तसाच परत जायला लागला. तरी पंच ढळले नाहीत.

काही वर्षांनी आत्याबाईंना ताप आला तो उतरेना. त्यांनी एकच मागितलं, प्रभुभोजन.
हे पाळकांकडं गेले. (हे म्हणजे माझे मालक. आता तेही नाहीत. आज ते असते तर त्या पोस्टरसमोर उभं राहून काय बोलले असते, मला माहीत आहे.)

हे एकटेच परत आले.
"काय म्हने?"
"आई, माफी माग म्हनते. मंग येतो म्हने."
"कोनाची? सोनीची त मागतली मी कवाच."

सोनाबाई उंबऱ्यातच होती. आत आली. चुलीवरची ज्वारीची भाकर घेतली. मला म्हणाली, "पोरी, पेलाभर गुळाचं पानी कर."
मी केलं. मनुका कुठून आणणार?

तिनं प्रार्थना केली, भाकर मोडली. पेला आत्याबाईंच्या ओठाला लावला.
आत्याबाईंनी तोंड मिटून घेतलं. मान हलवली.
"आंधी तू."

सोनाबाई प्याली. मग त्याच कडेनं आत्याबाई प्याल्या. मग हे, मग मी.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मातीला पाळक आले, लांब प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं नाही.

आत्याबाई, प्रभूच्या शांतीत निजा.
तुमच्या सुनेचा सलाम.