तोंडपाठ यादी

माझ्या नवऱ्याने बावड्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मी दहावीला इंग्रजीत नापास. लग्न जमवताना कुणी ही गोष्ट लपवली नव्हती, उलट सोयऱ्याधायऱ्यांना ती चघळायला मिळाली होती. पहिल्या वर्षी त्यांनी मला घरी शिकवून बघितलं. मी आठव्या दिवशी पुस्तक पिठाच्या डब्यावर आपटलं आणि म्हटलं, "मला न्हाय शिकायचं. तुमी तुमची पोरं शिकवा." त्यांनी पुस्तकावरचं पीठ झटकलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यांचा हातखंडा म्हणजे पॅसिव्ह. वाक्य उलटं करायचं, कर्त्याला शेवटी न्यायचं आणि त्याच्यामागे 'बाय' लावायचं. पोरं सगळीकडेच बाय लावून मोकळी व्हायची, आणि तिथंच मार्क जायचे. कारण काही क्रियापदांना बाय चालत नाही. नोनला टु लागतं, प्लीज्डला विथ, सरप्राइज्डला ॲट, इंटरेस्टेडला इन. असं का, म्हणून एखाद्याने विचारलं तर म्हणायचे, "ते इंग्रजांना विचार, मला पाठ करून दाखव." अशा चाळीस जोड्यांची त्यांनी यादी केली होती आणि ती पाढ्यांसारखी म्हणवून घ्यायचे. पहिला शब्द सरांचा, दुसरा वर्गाचा. घरी वर्ग नसल्यामुळे अंघोळ करताना दोन्ही शब्द स्वतःच म्हणायचे.

गेल्या श्रावणात सकाळी दाढी करताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बारामतीच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून आम्ही इंदापूरला घरी आलो, तेव्हा त्यांच्या तोंडात एक शब्द नव्हता. अडतीस वर्षं ते मला 'अगं' म्हणत आले होते. नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. त्या 'अगं'वर मी कितीतरी वेळा खेकसले असेन. आता घर असं गप्प झालं की मीच उगाच भांडी आपटायला लागले.

पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांना मऊ भात भरवत होते, तेव्हा ते एकदम स्वच्छ म्हणाले, "प्लीज्ड विथ." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी दारात जाऊन आरडाओरड केली आणि सगळी गल्ली गोळा केली. शेजारचे म्हातारे तात्या खाटेजवळ बसले. त्यांनाही दोन जोड्या ऐकायला मिळाल्या. तात्या बाहेर येऊन सगळ्यांना सांगायला लागले, "सर मराठी इसरलं, पण विंग्रजी शाबूत हाय. शिकल्यालं मानूस हाय त्ये." दोन दिवस माणसं बघायला येत होती. वर्षभर तोंड न दाखवलेला एक पुतण्या आला, तर त्याला म्हणाले, "सरप्राइज्ड ॲट." सगळे हसले. श्रावणानंतर मीही पहिल्यांदाच हसले.

त्यांचा एक जुना विद्यार्थी लोणी देवकरच्या एका कारखान्यात आहे. त्याची कानशिलं पांढरी झालीत आणि मुलगी बारावीला आहे, पण सरांसमोर अजून खुर्चीवर बसत नाही. दर गुरुवारी त्याच्या सुट्टीला तो आम्हाला त्याच्या गाडीतून बारामतीला वाचा-उपचाराला न्यायचा. त्या आठवड्यात सर मागच्या सीटवरून म्हणाले, "इंटरेस्टेड," आणि त्याच्या तोंडून आपसूक गेलं, "इन." मग दोघं बारामती येईपर्यंत म्हणत राहिले. गाडी उभी करून त्याने डोळे पुसले. "काकू, सरास्नी समदं याद हाय," म्हणाला.

वाचा-उपचाराच्या मॅडम जेमतेम तिशीच्या असतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, हे बोलणं नाही. आपण पाढे म्हणतो तसं आहे. जीभ सवयीने चालते, त्यात अर्थ नसतो. पण सोडू नका. तुम्ही अर्धं म्हणा, त्यांना पुरं करू द्या. त्यातून एखादा खरा शब्द निघाला तर निघेल." मला त्या बाई त्या दिवशी अजिबात आवडल्या नाहीत. एवढ्या लांब आणून हेच सांगायचं होतं का, असं गाडीत पुटपुटले.

तरी शिकले. विद्यार्थ्याने मला वहीत मराठी अक्षरांत यादी काढून दिली, समोर अर्थही लिहिले. त्रेसष्टाव्या वर्षी मी कणीक मळताना नोन टु, मॅरीड टु, कव्हर्ड विथ, फिल्ड विथ असं घोकू लागले. सकाळी चहा झाला की खाटेसमोर बसायचे आणि पहिला शब्द टाकायचे. त्यांचा दुसरा शब्द कधी चुकला नाही.

मला खरं तर यादी नको होती. मी कोण हे त्यांना कळतंय का, एवढंच हवं होतं. माझ्याकडे, टीव्हीकडे आणि भिंतीकडे ते एकाच नजरेने बघत. त्यांना अंघोळ घातली जायची, भरवलं जायचं, कुशीवर वळवलं जायचं. सगळं त्यांच्या पॅसिव्हमधलं. करणारा कोण, हे वाक्यात नसलं तरी चालतं असं तेच शिकवायचे. मला ते चालत नव्हतं. दिवसभर मरमर करायची आणि ज्याचं करायचं त्याला आपला पत्ताच नाही, हे मला सोसवत नव्हतं.

एका सकाळी "नोन टु" झालं आणि मी वही मिटली. त्यांचा चांगला हात धरून विचारलं, "मी कोण? ओळखलंत का मला?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅरीड टु." अर्थ मला माहीत होता. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. मग विद्यार्थ्याला फोन लावला. त्याने यादी कुठवर आली होती ते विचारलं आणि म्हणाला, "बरूबर सांगितलं की काकू सरांनी."

यादीत नोननंतर मॅरीडच येतं, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, वही माझ्याच हातात होती. चाळीस जागा सोडून मी प्रश्न नेमका तिथंच का विचारला, हे मी स्वतःला विचारलं नाही. आठ दिवस मी त्या दोन शब्दांवर जगले. नवी साडी नेसले. मॅडमनाही ऐटीत सांगितलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही बसलेलो असताना गॅसवाला आला. "नोन टु" नुकतंच झालं होतं. त्याने सिलिंडर उतरवला आणि खाटेकडे वळून विचारलं, "काय सर, बरं हाय का?" सर त्याला म्हणाले, "मॅरीड टु."

"काय म्हनत्यात सर?" त्याने मला विचारलं.

"बरं हाय म्हणतात," मी म्हटलं. तो गेला.

मग जे करू नये ते मी केलं. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि छातीवर हात ठेवून विचारलं, "आणि मी? मी कोण?" ते म्हणाले, "कव्हर्ड विथ."

मी रडले नाही. मला संताप आला. "तुमी चाळीस शब्द राखून ठेवलं," मी म्हटलं, "त्यात एक माझा न्हाय ठेवता आला?" ते म्हणाले, "फिल्ड विथ." मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. दुपारपर्यंत गॅस पेटवला नाही आणि त्यांना जेवायला द्यायलाही उशीर केला. त्याची मला आजही लाज वाटते.

पौषात दुसरा झटका आला, लहानसा. त्यानंतर यादी झडायला लागली. आधी शेवटच्या जोड्या गेल्या, मग मधल्या. इंटरेस्टेडला ते विथ लावायला लागले तेव्हा मी घाबरून वही काढून खात्री केली की चूक माझी नाही. होळीपर्यंत सगळंच संपलं. मॅडम म्हणाल्या, आता दर गुरुवारी एवढी धडपड करू नका, घरीच त्यांच्याशी बोलत राहा, आवाज कानावर पडला पाहिजे. त्या हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्यावर राग धरायचं बळही माझ्यात उरलं नव्हतं.

बोलत राहा म्हणजे काय बोलू? उसाला तोड मिळाली का, नळाला पाणी कधी आलं, हे पाच मिनिटांत संपतं. म्हणून चहा झाला की मी यादी म्हणते. पूर्वी मी पहिल्या शब्दानंतर थांबायचे, आता थांबत नाही. दोन्ही शब्द मीच म्हणते, वही न बघता, पहिल्यापासून चाळीसपर्यंत. ते माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसतात. परवा मी यादीच्या शेवटपर्यंत गेले आणि एकही चुकलं नाही. ते ऐकून ज्याला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त आनंद झाला असता, तो समोरच बसला होता.