रत्नाआक्काचा हँडब्रेक

रत्नाआक्काच्या गाडीत बसलेल्या माणसाला तिच्या परवानगीशिवाय उतरता येत नसे. आधी पायाचा ब्रेक, मग गाडी न्यूट्रलला, मग डाव्या हातानं हँडब्रेक वर. त्यानंतर पाय हळूच सोडून गाडी जागची हलत नाही ना, हे ती क्षणभर बघायची आणि मगच म्हणायची, "हं, उतर." निपाणीतली आमची गल्ली उताराची, आणि उताराच्या पायथ्याशी शाळा. "गाडी हुबी केली म्हंजे थांबली असं न्हाई गं," ती म्हणे. "तिला धरून ठेवाय लागतंय."

आक्का आमची शेजारीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि गल्लीतल्या बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. नवरा गेलेला, मुलगा सिद्धार्थ बेंगळुरूला. मला गाडी तिनंच शिकवली. मी हँडब्रेक कर्रकन ओढला की हातावर चापट बसायची. "बटण दाबून वड. दात झिजत्यात त्येचं. निधान, निधान!" निधान म्हणजे कानडीत सावकाश. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असली, तर ती हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना विटा लावायची. ओल्यात ब्रेक चाकाला चिकटून बसतो म्हणे. एकदा हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त वर यायला लागला. केबल सैल झाली होती. "पुढच्या आठवड्यात बघू की आक्का," मेस्त्री म्हणाला. आक्कानं तिथलंच एक स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं. "बघ पुढच्या आठवड्यात. मी हाय हितंच." संध्याकाळी केबल घट्ट करून घेऊनच ती घरी आली.

त्या दिवशी शाळा सुटायची वेळ होती. मी भाजी घेऊन गल्ली चढत होते. आक्काची गाडी मध्येच चढावर उभी, इंजिन चालू. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. मी काचेतून वाकून बघितलं. आक्काचा चेहरा घामानं भिजलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डावा हात हँडब्रेकवर नुसता पडला होता.

"हात यीना गं," ती अडखळत म्हणाली.

उजव्या हातानं ओढायला ती वळली, तसा ब्रेकवरचा पाय निसटला आणि गाडी मागं घसरली. तिनं पुन्हा पाय दाबला. खाली शाळेची घंटा झाली होती, पोरं बाहेर पडत होती. मी ओरडले. मोटारसायकलवाला गाडी तिथंच टाकून पोरांना अडवायला पळाला. मी डावीकडचं दार उघडून आत शिरले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

"सोड आता पाय, आक्का."

"धरलंय?"

"धरलंय."

तरी तिचा पाय सुटेना. शेवटी मीच तो हातानं उचलून बाजूला ठेवला.

तिला बेळगावला नेलं. हळूहळू पाय थोडा सुधारला, बोलणंही बरंच सुधारलं. हात मात्र आला नाही. येईल, येईल, असं आम्ही म्हणत राहिलो. एकदा ती शांतपणे म्हणाली, "मला सांगू नको. जन्मभर असलेच पेशंट बघितलेत मी. न्हाई येत."

व्यायामासाठी तिला तिच्याच गाडीतून मी बेळगावला न्यायची. एकदा तवंदी घाटात ट्रक बंद पडला आणि आम्ही चढावर अडकलो. मी हँडब्रेकला हात घालणार, तेवढ्यात तो ओढला गेला. डावीकडच्या सीटवर बसल्यामुळं तिचा उजवा हात नेमका तिथं येत होता! दोघींनाही हे सुचलं नव्हतं. आक्का किती दिवसांनी हसली. "ह्यो चालतोय की गं!"

तेव्हापासून ओढायचं आणि सोडायचं काम तिचं. मी उगाचच चढावरच्या टपरीवर चहाला थांबायची.

पण हे किती दिवस चालणार? माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सिद्धार्थ आला, त्यानं गाडी विकली, आईला न्यायचं ठरवलं. पोरगा वाईट नव्हता. तिला एकटं ठेवणं त्याला शक्य नव्हतं, आणि मला तिला ठेवून घेणं. "त्येचं बी बरोबर हाय," आक्का म्हणाली. "माझं बी बरोबर हाय. काय करतीस?"

निघायच्या दिवशी सिद्धार्थची नवी गाडी दाराशी लागली होती. आक्काला डावीकडं बसवलं. त्यानं इंजिन सुरू केलं, तसा तिचा उजवा हात दोन सीटांच्या मधे गेला आणि चाचपडू लागला. तिथं दांडा नव्हताच, एक छोटंसं बटण होतं.

"आपोआप सुटतंय ते, आई. तू नुसती बस."

"व्हय," आक्का म्हणाली. तिनं हात मागं घेतला, डाव्या हातावर ठेवला आणि समोर बघत राहिली. मी खिडकीशी वाकले. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं, पण "सावकाश जा" एवढंच तोंडातून निघालं. तिनं मान हलवली. गाडी उतारावरून खाली गेली आणि शाळेच्या कोपऱ्यावर वळली.