वहीतले चार ठिपके

संशोधन केंद्रातल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे उंदीरमामा म्हणतात. चिडली की बायकोसुद्धा! तीस वर्षं तो पिंजरे धुतो, भुसा बदलतो आणि कोणी काय खाल्लं ते रोजच्या रोज वहीत टिपतो.

गेल्या वर्षी तिथल्या संशोधक बाईंनी म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग मांडला. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. उतारवयात थकलेली रोगप्रतिकारशक्ती त्यांनी सावरते का, हे पाहायचं होतं. निम्म्या उंदरांना अर्क घातलेलं खाद्य, निम्म्यांना साधं.

"त्याने होतं काय, बाई?" मामाने विचारलं.

"जंतू आले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी चटकन धावून जातात, असा आपला अंदाज."

ते मामाच्या डोक्यात बसलं. साधं खाणाऱ्यांतले काही फारच मलूल होते. केस विरळ, डोळे मिचमिचे. मामाही साठीला टेकलेला. हा पंक्तिप्रपंच त्याला बघवेना. डब्यातली काळी द्राक्षं तो गुपचूप त्यांना चारू लागला.

सहा महिन्यांनी बाई डोकं धरून बसल्या. "दोन्ही गटांत फारसा फरकच नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली, मामा."

 मामा गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

"बाई, साध्यावाल्यांना मी द्राक्षं दिली. बिचारे वाटले हो."

"आणि मी? मी नाही वाटले बिचारी?" बाई कडाडल्या. मग म्हणाल्या, "किती जणांना दिलीत, आठवतंय तरी का?"

मामाने वही पुढे सरकवली. सात ते दहा नंबरच्या पिंजऱ्यांपुढे रोज एकेक बारीक ठिपका होता.

"खाल्लेलं टिपायचं, ही सवय. चोरून दिलं म्हणून काय झालं?"

बाईंना रागातही हसू फुटलं. ते चार पिंजरे वगळून त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. गट लहान झाला, पण फरक आता स्पष्ट दिसला. अर्क खाणाऱ्यांच्या पेशी खरोखरच तरतरीत होत्या.

प्रयोग संपला त्या दिवशी बाईंनी स्वतः काळ्या द्राक्षांचा घड आणला. "सगळ्या म्हाताऱ्यांना द्या. त्यांत तुम्हीही आलात."

मामाने सगळे पिंजरे फिरून एकेक द्राक्ष दिलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि वही उघडली. शेवटच्या पिंजऱ्याच्या नोंदीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मामा, एक द्राक्ष.'