पुण्यात चंद्र दिसेपर्यंत

दोष वृंदाकाकूंचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी "अरे, पण त्यांचा नाइलाज होता" सुरू करायला नको. नाइलाज नव्हता. हातात पाण्याची बाटली होती.

बाकी आमच्या सनीव्हेलच्या मराठी मंडळातल्या काका-काकूंचे किस्से मी काही गोळा करत नाही. ते साठतात. हॉटेलच्या सिंकमध्ये भांडी साठतात तसे. एक घासून ठेवा, वळून बघा, तर आणखी चार! थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या त्या मेक्सिको ट्रिपचे तर इतके साठलेत की सांगून टाकल्याशिवाय हात कोरडे व्हायचे नाहीत.

* * *

मी कॉलेज सोडलं. कॉम्प्युटर सायन्स, तिसरं वर्ष. वाक्य एवढंच आहे, पण आमच्या सनीव्हेलच्या घरात ते कुणी पूर्ण म्हणत नाही. बाबा म्हणतात, "ओंकार सध्या ब्रेकवर आहे." ब्रेकवर म्हणजे सांता क्लाराच्या एका टाको विकणाऱ्या खानावळीत मी रोज कांदे चिरतो.

तिथला मुख्य कुक बेतो. त्याची मावशी ओआहाका शहरात राहते. सगळा बाजार तिला दोन्या मेचे म्हणतो. दोन्या म्हणजे आपल्याकडे 'बाई' लावतात तसं. बाजारात तिचा ठेला आहे, मातीचा भला मोठा तवा, त्यावर मक्याच्या जाड पोळ्या. मला तिच्या हाताखाली शिकायचं होतं. मका चुन्यात शिजवणं, वाटणं, थापणं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी शिकायचं होतं, यार!

बेतोने तिला फोन केला. ती म्हणाली, "जानेवारीत येऊ दे पोराला. पण आधी त्याची माणसं घेऊन येऊ दे. माझ्या तव्यावर त्याने आपल्या माणसांना जेवू घालावं. मग बघू."

आपल्या माणसांना! तिथेच घोडं पेंड खाणार होतं, पण मला तेव्हा काय माहीत.

मंडळाचे लोक सुट्टीत कुठे तरी जाणारच होते. मी ग्रुपवर टाकलं की ओआहाकाला चला, गाइड घेऊन वॉकिंग टूर, स्ट्रीट फूड, बाजारात स्पॅनिश मी बोलतो. फुकटचा दुभाषी म्हटल्यावर लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. बाबांना मी खरं कारणही सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

दोन्या मेचेचं 'बघू' म्हणजे बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

* * *

गाइड मुलीचं नाव लुपे. चर्चसमोरच्या चौकात तिने सगळ्यांना गोल उभं केलं आणि इंग्रजीत म्हणाली, "नाव सांगा आणि आवडता पदार्थ सांगा."

मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका, म्हणजे वृंदाकाकूंचे मिस्टर, पुढे झाले. "शिरीष. चिप डिझाइन. सीनियर डायरेक्टर."

"आणि आवडता पदार्थ?"

"ते नंतर."

मग सगळ्यांनी तसंच सुरू केलं. नाव, कंपनी, हुद्दा. स्ट्रीट फूडची टूर की जॉब फेअर, कळेना! बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माय सन. ही इज इन फूड-टेक."

"कांदे चिरतो," मी म्हणालो.

लुपे हसली. बाबांनी हात काढून घेतला.

शिरीषकाकांनी मग तिचाच इंटरव्ह्यू घेतला. "शिक्षण काय तुझं?" ती म्हणाली, इतिहासात मास्टर्स. "मास्टर्स! मग हे का करतेस?"

"मला आवडतं."

काका हळूच माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले. आजार पसरतोय म्हटल्यावर माणूस सरकतो, तसे!

* * *

पहिल्या ठेल्यावर लुपेने प्लेटा वाटल्या. घास तोंडाशी नेणार, तोच वृंदाकाकूंचा फोन टिंग करून वाजला.

"अगंबाई! आज संकष्टी!"

सगळ्या प्लेटा एकदम खाली. मी सांगतो, फायर ड्रिलमध्ये पण एवढी शिस्त दिसत नाही.

"पण काकू, सकाळी हॉटेलात ब्रेकफास्ट झाला ना?"

"मी फळं आणि कॉफीच घेतली. गणपतीनेच बुद्धी दिली बघ."

शिरीषकाकांनी ऑम्लेट खाल्लं होतं. ते म्हणाले, "माहीत नसताना खाल्लेलं धरत नाहीत."

आता चंद्र कुठला धरायचा यावर चर्चा. सनीव्हेलचा की इथला? काकूंनी निकाल दिला, "आमच्याकडे पहिल्यापासून पुण्याचा धरतो." मला बरं वाटलं. इथे सकाळ म्हणजे तिकडे रात्र, चंद्र वर येऊन बसला असणार. दोन मिनिटांचं काम!

पण काकूंना पंचांगातली वेळ चालत नाही. डोळ्यांनी दिसायला लागतो. स्वतःच्या नाही तर निदान बहिणीच्या. व्हिडिओ कॉल लागला. पुण्याच्या मंदामावशी गॅलरीत उभ्या.

"मंदे, दिसतोय का?"

"ढग आहेत गं."

"नीट बघ ना!"

"नीट म्हणजे काय, ढग बाजूला सारू का?"

लुपेने मला कोपऱ्यात घेतलं. "हे कशाची वाट बघताहेत?"

"चंद्राची."

तिने वर बघितलं. लख्ख ऊन. "आणि माझी टूर?"

"चालू ठेव," मी म्हणालो. "हे फक्त चालतील."

* * *

आणि चालले ना! शिरीषकाकांच्या मनगटावर घड्याळ आहे, ते पावलं मोजतं. लुपे एका जुन्या चर्चमध्ये सोनेरी छताबद्दल सांगत होती आणि काका तिच्यासमोर उभ्या जागी परेड करत होते. डावा-उजवा, डावा-उजवा. प्रार्थनेला बसलेली एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली, मग तिने छातीवर क्रॉस केला.

लुपे म्हणाली, "हा पण उपासाचा भाग आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "हा कोलेस्टेरॉलचा भाग."

* * *

पुढे मसाल्यांची गल्ली. पोती भरभरून मिरच्या, काळ्या, तांबड्या, सुरकुतलेल्या. लुपे सांगत होती की मिरची मूळची आमच्या बाजूची, इथूनच जगभर गेली.

शिरीषकाका नागपूरचे. परेड थांबली. "काय म्हणाली ही? मिरची यांची?"

"हो काका."

"मग आमची भिवापूरची मिरची काय आभाळातून पडली? सांग तिला, चूक आहे."

"काका, ती इतिहास शिकलीय."

"मी मिरची खाल्लीय!"

इतक्यात काकूच म्हणाल्या की मिरची उपासाला चालते. झालं! काकांनी टोपलीतली सगळ्यात लहान, गोंडस, केशरी दिसणारी उचलली. विकणारी बाई हात हलवून नको-नको करत होती. काकांनी अख्खी चावली.

चेहऱ्यावर काही नाही. मान्य करतो, काही म्हणजे काहीच नाही. मग हळूहळू दोन्ही कान लाल झाले. मग डोळ्यांतून धार.

"काका, पाणी?"

"नको," काका पुटपुटले. "हे... उंचीमुळे होतंय. शहर उंचावर आहे."

* * *

लुपे बिचारी हार मानणाऱ्यांतली नव्हती. म्हणाली, उपासाला जे चालतं तेच देते, यादी सांग. मग मी भर बाजारात उभा राहून उपासाचे नियम समजावले. बटाटा चालतो. रताळं चालतं. शेंगदाणे चालतात. साबुदाणा चालतो, तो एका कंदाचा असतो. मिरची, आता बघितलंसच.

"हे सगळं तर आमच्या बाजूचं!" ती खुश झाली. "मग मका?"

मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "छे! मका धान्य आहे."

लुपेने बाजारभर नजर फिरवली. तिच्या शहरात सकाळ मक्याने होते, दुपार मक्याने होते, देवालाही मकाच दाखवतात. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमचा देव आमच्या घरी येऊन फक्त चटणी-कोशिंबीर खातो आणि जेवण परत पाठवतो."

हे मी काकूंना भाषांतर करून सांगितलं नाही. दुभाष्याला एवढा हक्क पाहिजे.

* * *

बाजाराच्या तोंडाशी भाजलेल्या नाकतोड्यांच्या टोपल्या. लिंबू, मीठ, लसूण लावलेले, कुरकुरीत.

वृंदाकाकूंनी बराच विचार केला. "ते गवतच खातात ना? मग तसे शाकाहारीच."

बाबा म्हणाले, "ते शाकाहारी, वहिनी. आपण उरणार नाही."

यावर सगळे खूप हसले आणि एकेक जण म्हणायला लागला, "आज उपास नसता तर नक्की खाल्ले असते हं!" उपास म्हणजे भित्र्यांचा किल्ला आहे. आत बसायचं आणि बाहेरच्यांना शौर्य सांगायचं.

मी मूठभर खाल्ले. बाबांनी तोंड फिरवलं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

बाजाराच्या आत, दोन्या मेचेचा ठेला. बाई ठेंगणी, केस पांढरे, हात सुतारासारखे. तवा मातीचा, परातीएवढा, वरून चुना फासून पांढरा केलेला. बेतोने सांगितलं होतं की तो तिच्या आईने घडवून घेतला होता. आई गेली, तवा राहिला.

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं, खिळ्यावरचा ॲप्रन काढला आणि माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, "कर."

एरवी त्या पोळ्यांवर डुकराची चरबी लावतात. मी बेतोकडून आधीच कळवलं होतं, माझी माणसं खात नाहीत. तिने अर्धा तवा सकाळपासून कोरडा ठेवला होता. वेगळ्या भांड्यात चरबीशिवायचा राजमा, ताजं चीज. तिच्यासारख्या बाईने! आमच्यासाठी!

मी थापायला लागलो. पहिली फाटली. दुसरी जमली. कडा चिमटीने उचलल्या, राजमा लावला, चीज भुरभुरलं. दोन्या मेचे काही बोलत नव्हती, म्हणजे बरं चाललं होतं. आणि तेवढ्यात काकूंच्या फोनमधून मंदामावशी ओरडल्या, "दिसला गं! दिसला!"

सगळ्या मंडळींनी भर बाजारात हात जोडले, "गणपती बाप्पा मोरया!" लुपेनेही टाळ्या वाजवल्या.

मी पहिली पोळी बाबांना दिली. त्यांना उपास नसतो, पण मंडळासमोर ते थांबले होते. त्यांनी घास घेतला. चावत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे तू कुठे शिकलास?"

आणि दुसऱ्या पोळीसाठी हात पुढे केला.

खरं सांगतो, ट्रिप तिथे संपायला पाहिजे होती.

पण वृंदाकाकूंनी पिशवीतून डबा काढला. दशम्या. दुधात भिजवलेल्या, खास प्रवासासाठी, सनीव्हेलहून आणलेल्या. "उपास घरच्या अन्नावरच सोडायचा. ओंकार, जरा या तव्यावर गरम करून दे रे."

"काकू, मी तुमच्यासाठी केल्यात ना. ही बाजू कोरडी आहे, इथे चरबी लागलेली नाही."

"बाजू कोरडी असेल. तवा एकच ना?"

"काकू, प्लीज. त्या बाई बघताहेत."

"बघू देत की. आपण काही चोरी करतोय का? सरक, मीच धुऊन घेते."

मी सरकलो नाही. काकू बाजूने आल्या. बाटलीचं झाकण उघडलं आणि थंडगार पाणी तापलेल्या मातीवर ओतलं.

चुर्रर्र झालं. वाफ उठली. मग आतून एकच आवाज आला, सुकी फांदी मोडते तसा. तवा या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकला. दोन तुकडे. मधून निखारे दिसत होते.

लुपेने तोंडावर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "अगंबाई, तकलादू होता!"

शिरीषकाका पुढे झाले. "ओंकार, सांग तिला, पुण्याहून नॉन-स्टिक पाठवतो. याहून चांगला."

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातात माझी अर्धी पोळी होती. त्यांनी ती काठावर ठेवली. म्हणाले, "सांग ना. एक तवाच तर आहे."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, काही गाळलं नाही.

दोन्या मेचेने विचारलं, "ही तुझी माणसं?"

मी म्हणालो, "हो."

तिने माझ्या गळ्यातला ॲप्रन काढला, झटकला आणि परत खिळ्यावर लावला. मागे काकू सगळ्यांना गार दशम्या वाटत होत्या.

जानेवारीत मी ओआहाकाला गेलो नाही. सांता क्लारात कांदे चिरतोय.