पितळी मुठीचा टीपॉय

आमच्या घरात टीपॉय आला तो आईसाठी. एरवी मला आणि ह्यांना चहाचे कप ठेवायला खिडकीचा कट्टा पुरत होता. पण मागच्या हिवाळ्यात आई आष्टीच्या घरी मोरीत घसरून पडली आणि शेजारणीनं दार वाजवेपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हापासून मी एकच धोशा लावला होता, माय, आता जालन्याला माझ्याकडे राहायला ये. मी एकुलती एक, बाबांना जाऊन अकरा वर्षं झालेली. दुसरं कोण बघणार होतं तिला?

तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "लेकीच्या घरी दोन दिवस पाव्हनी म्हनून बरं. त्याच्या पुढं राह्यलं की वझं व्हतंय." हे आपलं सांगायचं कारण. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं आणि दोघीही ते तोंडावर आणत नव्हतो.

बाबा गेले तेव्हा आम्ही चंद्रपूरला होतो. ह्यांची नोकरी तिकडे होती. वैशाखातली सकाळ, सहा वाजता फोन आला. मी येईपर्यंत थांबा, मला बाबांचं तोंड बघायचंय, एवढं सांगून मी निघाले. यवतमाळच्या पुढं गाडी बंद पडली, मोबाइल मेला, दुसरी गाडी मिळायला तीन तास गेले. आष्टीत पोचले तर दिवेलागण होऊन गेलेली, आणि घरात नुसत्या बायका बसलेल्या. बाबांना नेलं होतं. आई पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुला एवढी काय घाई झाली होती त्यांना घालवायची?"

ती काहीच बोलली नाही. मला ती कबुलीच वाटली. पुढं येणं-जाणं राहिलं, सणवार राहिले, फोन राहिले, पण त्या वाक्यावर आम्ही दोघी कधी परत आलो नाही.

त्यामुळे यंदा तिनं "चौदा एप्रिलची जयंती झाली की येते, आठ दिवस राहून बघते, करमलं तर पुढचं पुढं" असं म्हटलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. पलंग खिडकीपाशी ओढला, मोरीत धरायला दांडी बसवली, आणि टीपॉय शोधायला निघाले. आईची एक सवय मला फार टोचायची. कुणाच्याही घरी तिला खुर्चीवर बसवलं तरी ती चहाचा कप पायाशी जमिनीवर ठेवणार. समोर जागा असली तरी जमिनीवरच. माझ्या घरी असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिच्या हाताला सहज लागेल, गुडघ्याला लागणार नाही, असा बुटका टीपॉय हवा होता.

शोरूममधले टीपॉय मी बघून आले. हात लावला की डुगडुगतात, आणि वरचं लाकूड नखानं निघतं. मी ह्यांना म्हटलं, असल्या खोक्यांना पैसे देण्यापेक्षा जुनं लाकूड घेऊ. हे म्हणाले, तुझी नजर, तू बघ. तसे ते बावीस वर्षांपासून हेच म्हणत आलेत आणि सुखी आहेत.

जुन्या जालन्यात एका बोळात जुन्या सामानाचं दुकान आहे. दारं, चौकटी, पाळण्याच्या कड्या, कुणाच्या तरी लग्नातले आरसे. तिथं मला तो दिसला. साडेतीन फूट लांब, सागवानी चौकट, वर जाड काच. जुन्या काचेत असतात तसे बारीक बुडबुडे होते त्यात. एका टोकाला काचेचंच एक चौकोनी झाकण, त्याला पितळी मूठ. मुठीजवळच्या लाकडावर रुपयाएवढा काळा डाग होता. मी एका नजरेत ओळखलं.

"सराफाच्या पेढीवरचं आहे ना हे?" मी म्हटलं. "सगळी काच न उघडता तेवढ्याच झाकणातून दागिना काढून द्यायचा. आणि हा डाग समईचा."

दुकानदार जरा थांबला. मग म्हणाला, "बराबर ओळखलं मॅडम."

"पण एवढंसं कसं?"

"लंबं व्हतं. आमच्या मिस्तरीनं कापून पाय लावले." मग तो मला दुसरं एक टेबल दाखवायला लागला, मुनीम बसायचे त्याच्यापुढचं, नक्षीचं. "हे घ्या की. हे लई शुभ हाय." मला वाटलं, महागातलं खपवतोय. मी म्हटलं, मला हाच हवा. तो डाग घासून काढतो म्हणाला, तर त्यालाही नाही म्हटलं. जुनेपणाची शोभा त्या डागातच आहे, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि टीपॉय रिक्षात चढवून दिला.

घरी आल्यावर ते झाकण काही उघडेना. हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन संध्याकाळी त्याच्याशी झटले. शेवटी म्हणाले, शोभेचं आहे, राहू दे बंद.

आई आली ती दुपारी. मी तिला खुर्चीवर बसवलं, काचेवर चिवड्याची बशी ठेवली, लाडू ठेवले, आणि चहा आणायला आत गेले. आतूनच सांगत होते, माय, कप खाली ठेवायचा नाही हं, तुझ्यासाठीच आणलाय हा. ट्रे घेऊन बाहेर आले तर तिनं दोन्ही बशा उचलून खिडकीत ठेवल्या होत्या. एक हात पितळी मुठीवर होता. तिनं मूठ जराशी डावीकडं दाबली, वर उचलली आणि ते झाकण उघडलं.

ह्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"हे कुठून आनलं?" आईनं विचारलं.

"जुन्या जालन्यातून. सराफाचं आहे."

"सराफाचं न्हाई गं. ही परतूरच्या मंडळाची पेटी हाय." ती शांतपणे म्हणाली. "मयताची. बर्फावर ठेवतेत त्यातली. ह्या झाकनातून तोंड दाखवतेत. आता तेंच्याकडं इजेवरची आलीय, ही इकली आसंल."

चहा ट्रेमध्ये सांडला तो तसाच राहिला. सकाळी त्याच काचेवर मी पोळीचा डबा ठेवला होता. तरी मी हरणार थोडीच. "काहीतरीच, माय. पेट्या काय एकसारख्या नसतात?" असं म्हणत तिच्यासमोरच दुकानदाराला फोन लावला. खडसावून विचारलं, तुम्ही मला पेढीवरचं म्हणून काय विकलंत?

"मॅडम, मी कव्हा म्हनलं?" तो म्हणाला. "पेढीचं तुम्हीच म्हनल्या. मी दुसरं दाखवत व्हतो ना तुम्हाला. लाकूड मात्र बिलकुल अस्सल हाय."

मी फोन ठेवला. हे खाली बघत होते. मला दुकानदाराचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त लाज वाटली की आईला राहायला बोलावलं आणि तिच्यापुढं हे मांडलं. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता बाहेर काढते.

"थांब," आई म्हणाली. तिनं त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "ही मेनबत्ती मी लावल्ती. वाऱ्यानं इझू लागली म्हनून काचंला खेटून लावली. कुनी तरी म्हनलं, लाकूड जळंल. मी म्हनलं, जळू द्या."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी खालीच बसले.

"बाबा ह्यात होते?"

"नऊपसून साडेपाचपस्तोर. तुझी वाट बघत." ती काचेकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. "मी म्हनले, लेक येऊन राह्यली, तिला तोंड बघू द्या. टेम्पोनं ही पेटी आनली. दोन बाऱ्या बर्फ आनला परतूरवरून. तिसऱ्या बारीला गेले तर कारखान्याची लाइट गेल्ती, बर्फ न्हाई. तुझा फोन लागंना. ऊन असं की हात लावला तरी काच गरम लागायची. मंग पाचच्या टायमाला…"

ह्यांनी तिला पाणी दिलं. तिनं ते हातात धरून ठेवलं.

"पाचच्या टायमाला त्यांचं तोंड बदलू लागलं. वळखू येईना. बाया उठून भाईर जाऊ लागल्या. तव्हा मीच म्हनले, उचला. पोरीनं असं बघू न्हाई."

अकरा वर्षं माझ्याजवळ बाबांचं जे तोंड होतं ते हसरं होतं, दिवाळीत मला बसस्टँडवर सोडायला आलेलं. मी ते कुणामुळे जपू शकले याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी कसंबसं म्हणाले, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कव्हा?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू आली आन् घाई झाल्ती का म्हनून मलाच सांगितलं. आन् खरं सांगायचं तर त्यांचं तोंड कसं झाल्तं ते बी सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तू माझ्यावर राग धरला ते बरं."

मी रडले का, तर नाही. रडू यायला काहीतरी हलावं लागतं, माझ्या आत काही हलेचना. मी तिच्या पायाशी बसून राहिले आणि ती थंड झालेला चहा प्याली. टीपॉय विकायचा नाही, असं तिनंच सांगितलं. आपलं माणूस थांबलंय त्यात, म्हणाली. तो हॉलमध्येच आहे, पण त्याच्यावर आम्ही काही ठेवत नाही.

आई आठ दिवस राहिली. मी तिची वेणी घातली, गोळ्या दिल्या, संध्याकाळी तिला गच्चीवर नेलं, पण तो विषय काढायचं धाडस झालं नाही. माफी मागायला शब्द जुळवायचे आणि तिच्यासमोर गेलं की भाजी काय करू असं विचारायचं, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी ती पिशवी भरताना दिसली. म्हटलं, गेलं सगळं.

"करमलं नाही का, माय?"

"करमलं की." तिनं साडीची घडी दाबून बसवली. "पन तू त्या घरात किती वर्सात झोपली न्हाईस, ध्यानात हाय का? येती आन् चारच्या गाडीनं जाती. मी तुझ्या घरी राहू म्हनतीस, आधी माझ्या घरी तर राह्य."

मी आठवून बघितलं. तिचं बरोबर होतं. शाळा आहे, पेपर तपासायचेत, गाडी चुकेल, अशी कारणं देऊन मी अकरा वर्षं त्या घरातून उजेडात बाहेर पडत आले होते. ह्यांनी काही न विचारता माझी बॅग काढून दिली. मी शाळेत रजा कळवली आणि तिच्याबरोबर आष्टीच्या गाडीत बसले.

दुपारी पोचलो. बाहेरच्या खोलीत तिनं सतरंजी अंथरली, उशी दिली. पेटी ह्याच खोलीत ठेवलेली असणार, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे राहायला येणार की नाही, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी काय काय झालं?"

आई भिंतीला टेकून बसली, पदर सारखा केला, आणि पहाटेपासून सांगू लागली. ऊन खिडकीतून सरकत दारापर्यंत गेलं तरी तिचं संपलं नव्हतं, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही.