गैरहजर माणसांची पाळी

लोकशाही माणसाने किती मनावर घ्यावी याला काही मर्यादा असते, हे इंदापूरच्या आमच्या घरमालकांना कोणीच सांगितले नव्हते. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मी मूळचा बारामतीजवळच्या पिंपळीचा, इंदापूरच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारा, एकटा जीव. ते निवृत्त पाटकरी. कालव्याचे पाणी पाळीपाळीने शेताशेतात सोडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. शेतकरी लग्नाला गेलेला असो की दवाखान्यात पडलेला, त्याच्या पाळीचे पाणी त्याच्याच उसात जाणार, अशी त्यांची ख्याती होती. सगळे त्यांना आबा म्हणत. निवृत्तीनंतर वाटायला पाणी उरले नाही, तेव्हा आबा मते गोळा करू लागले. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना विचारले, मला विचारले, दूधवाल्याला विचारले आणि शेवटी रंगाऱ्यालाही विचारले. कोणाचेच मन मोडवेना, म्हणून घराच्या चार बाजू चार रंगांच्या झाल्या. माझी पिस्ता रंगाची भिंत उकिरड्याकडे तोंड करून होती, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम मागे नेऊन आबा सांगायचे, "ही सरांची भित हाय." भाजी कोणती करायची यावर तर रोज मतदान व्हायचे. त्यात दोडका हमखास पडायचा आणि काकू हमखास दोडकाच करायच्या.

अशा माणसाच्या दारासमोर सार्वजनिक बाग होणार म्हटल्यावर काय विचारता! समोरच्या मोकळ्या जागेसाठी आळीतल्या लोकांनी एक बाग समिती नेमली. समितीने मारुतीच्या देवळावर नोटीस डकवली की नागरिकांनी रविवारी सकाळी मंडपात येऊन आपल्या हरकती व सूचना मांडाव्यात. जागा एवढीशी, की एकतर मधोमध कारंजे मावणार होते, नाहीतर कडेने चालायची पायवाट. आबांना पायवाट हवी होती. वर्षभरापूर्वी काकूंना लकवा झाला होता. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले होते आणि दारातला रस्ता सगळा उसाच्या ट्रॅक्टरांचा.

"पायरी नसलेली मातीची वाट पायजे बघा, सर," आबा म्हणाले. "हिला धरून रोज चार फेऱ्या मारीन म्हन्तो. तुमी याल न्हवं सभेला?"

"येतो की, आबा," मी म्हणालो, आणि रविवारी क्रिकेटचा सामना बघत घरीच बसलो. खरे तर सगळी आळीच टीव्हीसमोर बसली होती.

सभेत काय झाले ते मला समितीच्या चिटणिसाने सांगितले. नागरिक म्हणून एकटे आबा हजर होते. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "आबा, तुमी एकलेच आलाय. तुमी म्हणाल ती बाग. बोला." दुसरा कोणी असता तर पायवाट मंजूर करून, चहा पिऊन घरी आला असता. आबा म्हणाले, "असं कसं? बाकीच्यांची पाळी हाय की!" आणि त्यांनी न आलेल्या एकेका माणसाची बाजू मांडायला घेतली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला कारंजे हवे, कारण बघायला आलेला माणूस दुकानातही डोकावेल. माझीही पाळी आली. बारामतीला संध्याकाळी कारंज्यापाशी बसले की जिवाला बरे वाटते, असे मी कधीतरी चहा पिताना सहज बोलून गेलो होतो. ते आबांनी इतके जीव ओतून सांगितले म्हणे, की अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतले. स्वतःची पाळी त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवली. तोवर अध्यक्षांनी चपला पायात घातल्या होत्या. कारंजे बहुमताने मंजूर झाले.

मी धावतच आबांकडे गेलो. "आबा, अहो, मी आलोच नव्हतो सभेला!"

"तुमी न्हवता, पर तुमचं मत हुतं की."

"आणि काकूंचं काय? त्यांनी चालायचं कुठं?"

आबा म्हणाले, "तिलाबी इचारलं हुतं. ती म्हन्ली, सर हितं एकले ऱ्हात्यात, घरची आठवन येत आसंल. होऊ द्या कारंजं." मग माझी समजूत काढत म्हणाले, "आता तिचं मत मी कसं मोडू?"

मी मान खाली घातली. माझ्या आईच्या वयाची ती बाई, जेमतेम पाय उचलणारी, आणि मला सभेला दहा मिनिटे जाववले नव्हते. मला स्वतःची फार लाज वाटली.

कारंजे झाले. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेने आबा काकूंना धरून फेऱ्या मारू लागले आणि मी ट्रॅक्टरांच्या बाजूने त्यांच्याबरोबर चालू लागलो. बदली होईपर्यंत रोज चाललो. कारंजे सुरू झाले की काकू थांबत आणि पाण्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. मला बरे वाटते आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असे. मी हसून म्हणायचो, "छान वाटतं, काकू." त्यावर त्या अर्ध्या चेहऱ्याने हसत आणि पुढचे पाऊल टाकत. ते कारंजे मला एक दिवसही बघवले नाही, हे मी त्या दोघांना शेवटपर्यंत सांगितले नाही.